मागच्या दाराची आगळ

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे. म्हणजे नात वाचून दाखवते आणि मी ऐकते. वाचता वाचता ती घाबरते आणि मला हसू येतं, कारण भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. मुरबाडला आमच्या घरापासून शाळेत जायची जवळची वाट स्मशानावरून होती. आम्ही भावंडं तिथं चिंचा पाडायला थांबायचो, यावरून काय ते समजा.

तरीही एक गोष्ट अशी घडली आहे, की तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. ती भीतीची मात्र नाही, हे आधीच सांगते. आठवली की माझे हात आपोआप जोडले जातात. नात म्हणाली, "आजी, लिहून टाक. मी टाइप करते." तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका तिच्या आणि बाकीच्या माझ्या.

गोष्ट साधारण साठ सालाच्या आसपासची. लग्न होऊन मी मुरबाडहून शहापूर तालुक्यात आले. ह्यांचं पोस्टिंग डोळखांबच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात होतं. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. ह्यांची नोकरी ‘देवी डॉक्टर’ची. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं... तेव्हा देवीची साथ यायची. माणसं जायची, जगली वाचली तर तोंडभर व्रण राहायचे. ती येऊ नये म्हणून एक सरकारी माणूस पाड्यापाड्यांवर पायी फिरून लोकांच्या दंडावर लस टोचायचा. तोच देवी डॉक्टर. पदवी वगैरे काही नाही, एक पेटी, एक टोचणी आणि तोंडात भरपूर गोडवा.

हा गोडवा ह्यांच्याकडे पोत्यानं होता. ह्यांना लांबून पाहिलं की पाड्यावरच्या बाया पोरं काखोटीला मारून रानात पळायच्या. हे शांतपणे अंगणात बसून राहायचे. म्हाताऱ्यांशी नाचणीच्या गप्पा, पोरांना नकला. हळूहळू सगळे परत यायचे. मग हे सांगायचे, "देवी घरात शिरल्यावर धावून काय फायदा? ती यायच्या आधीच कडी लावायची. ही लस म्हणजे कडी." लोकांना ते पटायचं आणि दंड पुढे व्हायचे. कामात तर इतके काटेकोर, की प्रत्येक वेळी टोचणी स्पिरिटच्या दिव्यावर धरल्याशिवाय दुसऱ्या माणसाला लावणार नाहीत. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून अशा जपायचे, की मला तेवढं जपलं असतं तर मी धन्य झाले असते.

आणि हा माणूस स्वतःच्या घराची कडी लावत नव्हता!

आमचं घर भाड्याचं होतं. मालक कमळूदादा आणि त्यांची बायको ठमाकाकू, अंगणापलीकडे त्यांचं घर. आमच्या घराला पुढे ओटी, मध्ये एक मोठी खोली, मागे चुलीची खोली आणि तिला परसात उघडणारं मागचं दार. त्याच्यापुढे थोडं परस, मग भातशेती, आणि शेतं संपली की जंगलच सुरू. पुढच्या दाराला बाहेरून साखळी होती, पण त्या गावात कुलूप लावायची पद्धत नव्हती. घरात कुणी नसलं की दारावर बोरीची काटेरी फांदी आडवी लावायची. तिला नुसतं ‘काटी’ म्हणत. काटी दिसली की माणूस ओटीही चढायचा नाही. ही रीत मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. पण मी बाजारपेठेत वाढलेली. रात्री दुकानाच्या फळ्या लागल्या की वडील एकेक हलवून बघायचे. मला ते बघूनच झोप यायची.

माझं दुखणं मागच्या दाराचं होतं. ते जाड सागाचं, आत उघडणारं. कडी नावाला होती, कोयंडा कधीच निखळलेला. खरी भिस्त आगळीवर. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत खोबणी होत्या आणि त्यांतून सरकणारी मनगटाएवढी जाड लाकडी आगळ. ती आडवी घातली की बैल धडकला तरी दार हलणार नाही. पण आगळ नसली की ते दार ओढून घेतलं तरी स्वतःच हळूहळू उघडायचं. चौकटच थोडी आत कललेली होती.

तर त्या पावसाळ्यात परसातल्या घोसाळ्याच्या मांडवाचं एक लाकूड कुजलं. वेल फुलांनी भरलेला, मांडव एका अंगाला खचलेला. ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं, घरात गेले, भिंतीतून आगळ उपसून आणली आणि मांडवाखाली उभी केली. जरा आखूड पडली म्हणून खाली दगड दिला. वर सुंभानं बांधून टाकलं आणि हात झटकत म्हणाले, "बघ, कसा फर्स्टक्लास उभा राहिला!"

"आणि दाराला काय लावायचं?"

"वेल संपला की आगळ परत जाग्यावर."

"तोवर?"

"तोवर तू आहेस की. तुला बघून चोर परत जाईल." मग माझं तोंड बघून म्हणाले, "अगं, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? एक तू. तुला कुणी नेलंच तर संध्याकाळी स्वतःहून आणून सोडेल."

असं बोलणाऱ्याशी भांडायचं तरी कसं? मी हसले की भांडण संपलं, हे ह्यांना बरोबर ठाऊक होतं. रोज रात्री मी मुसळ तिरकं करून दाराला टेकू द्यायची आणि पुटपुटायची. वेल मेला संपता संपेना. गणपती झाले, दसरा आला, तरी घोसाळी लागतच होती. मी पण त्यांची भजी तळून घालतच होते म्हणा.

आमची मंगल तेव्हा नुकती पालथी पडून सरकायला लागली होती. मधल्या खोलीत तुळईला तिची झोळी बांधलेली होती. झोळीतून चुलीची खोली आणि मागचं दार सरळ दिसायचं.

आता ठमाकाकूंची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी ओढ्यावर गेले की काकू मंगलजवळ बसायच्या. पहिल्या वेळी मी परत आले, बादली ठेवली, चूल पेटवली, भाकरी थापायला घेतली. काकू आपल्या झोळीपाशीच. त्यांच्या घरी कमळूदादा जेवायचे खोळंबलेले. मला वाटलं, बसल्यात हौसेनं. शेवटी विचारलं, "काकू, जायचं नाही का?"

"तू बोललीच नाय अजून," काकू म्हणाल्या.

"काय बोलायचं?"

"आय आली का तिनी उंबऱ्यात उभं रावून सांगायचा, ‘आले गो मी, ऊठ आता.’ मंग राखणारीनं उठायचा. आमी तसं उठत नाय. पोर वाऱ्यावर पडतं."

म्हणजे मूल एका हातातून दुसऱ्या हातात शब्दांनी द्यायचं. नुसतं येऊन चालायचं नाही. मला गंमत वाटली आणि पटलंही. तेव्हापासून मी न चुकता म्हणायला लागले. ह्यांना मात्र चेष्टेला विषय मिळाला. पाड्यावरून परत आले की अंगणातूनच बायकी आवाजात ओरडायचे, "आले गो मी, ऊठ आता!" काकू पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "डाक्टर, एक दिवस ही मस्करी अंगाशी येल."

दिवाळी जवळ आली. भातकापणी सुरू झाली आणि गाव दिवसाचंच ओस पडायला लागलं. सकाळी सगळी माणसं शेतावर, ती उन्हं कलल्यावर परत. त्याच दिवसांत बिबट्या उतरला. आधी पाड्यावरची शेळी गेली. मग एका संध्याकाळी, नीट उजेड असताना, त्यानं कमळूदादांच्या ओटीवरून त्यांचा मोती कुत्रा उचलला. काकू चुलीपाशी होत्या, त्यांना नुसता एक आवाज आला.

"बाय गो," काकू मला म्हणाल्या, "वाघरू घराशी आलंय. मागचा दार नीट लाव. त्याला काटी कळत नाय."

मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. आज मात्र हसायचं नाही असं ठरवून. "आगळ आणा."

"आणतो की. चार घोसाळी राहिलीत, तेवढी काढू."

"मला घोसाळी नकोत. मला आगळ हवी."

"इंदू, कुत्रं नेणारा बिबट्या माणसाच्या चुलीपर्यंत येत नाही. त्यालाही लाजलज्जा असते." आणि लागले आपले पेटी पुसायला. मी त्या दिवशी ह्यांच्याशी बोलले नाही. बोलणं बंद करण्यापलीकडे तेव्हा बायकांच्या हातात होतं तरी काय?

पुढच्या रविवारी हे घरी होते. सकाळी मी परस शेणानं सारवलं. दुपारी जेवणं झाल्यावर दुपट्यांचं गाठोडं घेऊन काकूंबरोबर ओढ्यावर निघाले. मंगल झोळीत झोपलेली, हे ओटीवर आडवे. मी बजावलं, "तिला सोडून कुठं जायचं नाही."

"कुठं जाणार? आज मी ठमाकाकू," हे म्हणाले.

ओढ्यावर आमचं धुणं आटपलं. मी दुपटी खडकावर वाळत घालायच्या विचारात होते, पण का कोण जाणे, बसवेना. काही दिसलं नाही, कुणी हाक मारली नाही, उगाच मागून जोडायला नको. नुसतं घरी जावंसं वाटलं. काकूंना म्हटलं, घरीच वाळत घालते. ओली दुपटी तशीच डोक्यावर घेतली आणि दोघी निघालो.

शेताच्या बांधावर आले आणि बघते तर पाड्याच्या वाटेनं हे येतायत. हातात पेटी, छान शीळ घालत.

माझे पायच थांबले. "मंगल कुणाकडे आहे?"

"झोपलीय. पाड्यावरनं माणूस आला होता गं. परवा टोचलं त्या पोराचा दंड सुजलाय, ताप चढलाय. बाप रडायला लागला, मग गेलो. घाबरण्यासारखं नव्हतं."

"घरात कोण आहे?"

"काटी लावलीय," हे म्हणाले.

मी दुपटी तिथंच टाकली आणि पळत सुटले. मागून हे, "अगं पळतेस काय, पडशील," करत येत होते आणि त्यांच्या मागे काकू. बांधावरची वाट आमच्या परसातच निघायची. तिथं पोचले आणि सारवण बघितलं.

सकाळचं सारवण अजून पुरतं वाळलं नव्हतं. त्यावर पावलं उमटली होती, वाटीएवढी गोल, एकेक बोट वेगळं दिसत होतं. शेताकडून आलेली, मांडवाखालून सरळ मागच्या दाराशी गेलेली. दारापाशी तर सगळं सारवण तुडवून चिखल झालेला. दाराच्या फळीवर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, नख्यांचे ताजे ओरखडे. जुन्या काळ्या लाकडात आतलं पिवळं लाकूड उघडं पडलं होतं.

आणि दार बंद होतं.

मला वाटलं ते एकच. तो आत शिरला आणि दार त्याच्यामागे लोटलं गेलं. हे शेजारी येऊन उभे राहिले, पावलं बघितली, आणि त्या चेहऱ्यावरचं हसू मी पहिल्यांदा पूर्ण पुसलेलं पाहिलं. ह्यांनी पेटी टाकली आणि दारावर खांदा मारला. दार हललं नाही. पुन्हा मारला, तरी नाही.

मी पुढच्या अंगाला धावले. काटी हातानंच उपटून फेकली, काटे तळव्यात रुतले ते मला रात्री दिवा लावल्यावर कळलं. साखळी काढली आणि आत गेले.

झोळी हलत होती. मंगल जागी होती. झोळीच्या काठावर हनुवटी टेकून ती चुलीच्या खोलीकडे बघत होती आणि स्वतःशी हसत काहीतरी बडबडत होती. ठमाकाकू समोर बसल्या की जशी बडबडायची ना, तशी. मी तिला उचलली. अंग चाचपलं. कुठं ओरखडा नाही, रडल्याची खूण नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मग मी मागच्या दाराकडे पाहिलं.

इथं मी सावकाश सांगते, कारण लोक इथंच माझी उलटतपासणी करतात. बाहेरून हे दारावर धडका देत होते. मला धडका ऐकू येत होत्या, ह्यांचा दम लागलेला ऐकू येत होता. प्रत्येक धडकेला चौकटीवरून माती झडत होती. आणि दाराच्या आतल्या बाजूला काहीच नव्हतं. कडी लोंबत होती. मुसळ कोपऱ्यात भिंतीला टेकून उभं होतं. आगळीच्या दोन्ही खोबणी रिकाम्या. एकीच्या तोंडाशी तर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, ते जसंच्या तसं. जे दार एरवी वाऱ्याशिवाय उघडायचं, ते एका दांडग्या पुरुषाच्या खांद्याला दाद देत नव्हतं.

"इंदू!" बाहेरून आवाज आला. "आतून आगळ लावलीय! काढ ती!"

"आगळ तुमच्या मांडवाला आहे," मी म्हटलं.

धडका थांबल्या. हे मागे वळून मांडवाकडे बघत असणार. मंगल दाराकडे हात करून खिदळली.

मला तेव्हा काय सुचलं, कसं सुचलं, सांगता येत नाही. भीती वाटत नव्हती हे मात्र पक्कं आठवतं. एखादी ओळखीची बाई आपल्या पोराला घेऊन बसलीय आणि आपण नुसतेच समोर उभे आहोत, असं काहीतरी अवघडल्यासारखं झालं. मी मधल्या उंबऱ्यात उभी राहिले, मंगलला छातीशी धरलं आणि म्हटलं, "आले गो मी."

दार आपोआप आत आलं. नेहमी यायचं तसं, हळूहळू, कुरकुरत. बाहेर हे दाराला हात लावूनही उभे नव्हते. दोन पावलं मागे, मांडवापाशी होते, एक हात आगळीवर ठेवून. त्यांच्या मागे ठमाकाकू.

हे आत आले, आमच्यासमोर जमिनीवर बसले आणि मंगलचे पाय हातात घेऊन रडायला लागले. हा माणूस रडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. मग हळूहळू बोलले. निघताना मागचं दार नेहमीसारखं उघडायला लागलं. ह्यांनी ते लावलं, ते पुन्हा उघडलं. घाई होती. मुसळ लावायचं मनातही आलं नाही. ह्यांना माझी कुरकुर आठवली, हसू आलं, आणि हे दाराला म्हणाले, "आता उघडू नकोस हां. बस इथं. पोरीला राख, मी आलोच." आणि दार खरंच बंद राहिलं. ह्यांना वाटलं, बरं झालं.

"मग मी आलो होतो की," हे काकूंना म्हणाले. लहान मुलासारखे. "मी आलोच म्हणालो होतो. मला का नाही उघडलं?"

काकू उंबऱ्यात बसून ओरखड्यांवरून हात फिरवत होत्या. त्यांना नवल वाटल्याचं दिसत नव्हतं. "बापाच्या हातात कोन देतं पोर?" त्या म्हणाल्या. "तुमी टाकून गेलाव. राखणारी आयची वाट बघते." मग मला विचारलं, "पुरं बोलली का गो? ऊठ म्हनाली?"

मी म्हटलं, नाही. ‘आले गो मी’ एवढंच म्हणाले, तोवर दार उघडलं होतं.

"मंग बसलीय अजून," काकू म्हणाल्या आणि घरी जाऊन आमच्या उंबऱ्यासाठी हळदकुंकू घेऊन आल्या. कोण बसलंय, ते मी पुष्कळदा विचारलं. त्या घरात कुणी वारलं होतं का, काही घडलं होतं का? काकू दरवेळी एवढंच म्हणाल्या, "मना काय ठावं बाय. ज्यानी राखला त्याला हात जोड."

त्याच संध्याकाळी ह्यांनी सुंभ कापला, आगळ काढली, पाण्यानं धुतली आणि भिंतीत सरकवली. मांडव घोसाळ्यांसकट कोसळला. कुणीच उचलला नाही.

त्यानंतर दोनेक वर्षं आम्ही त्या घरात होतो. बिबट्या परत आला नाही. वाघरू कार्तिकात डोंगराकडे गेलं, असं कमळूदादा म्हणाले. मग ह्यांची ट्रान्सफर तानशाच्या बाजूला झाली. सामान गाडीत चढलं. मी शेवटचा झाडू मारत होते तेव्हा माझ्या मनात आलं, की आपण जाणार आणि त्या राखणारीला कुणी ऊठ म्हटलंच नाही. हे बरं नव्हे. कुणी आपल्यासाठी बसलं असेल तर त्याला असं अडकवून जाऊ नये.

मी ह्यांना सांगितलं. कडी-आगळीला हसणारा हा माणूस पटकन म्हणाला, "नको. बसू दे. आपल्याबरोबर येईल. मंगल अजून लहान आहे."

"तिला किती दिवस बसवायचं?" मी म्हटलं. "तिचं पण काही असेल."

हे बराच वेळ आगळीशी चाळा करत उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच ती सरकवून दार मोकळं केलं. मी मंगलला पुढे धरून उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "आले गो मी. ऊठ आता. फार केलंस आमच्यासाठी." काही झालं नाही. वारा आला नाही, वास आला नाही, दारही फक्त नेहमीसारखं उघडलं. हे माझ्यामागून हळूच म्हणाले, "आता मी बसतो."

आणि बसले. माझ्या माणसाबद्दल मी या ग्रुपवर एवढं थट्टेनं लिहिलं, तर हेही लिहायला हवं. पुढच्या प्रत्येक घरात झोपण्याआधी प्रत्येक कडी ह्यांनी हातानं हलवून बघितली, अगदी माझ्या वडिलांसारखं. मंगल शाळेतून, कॉलेजातून, पुढे नोकरीवरून येईपर्यंत हे पुढच्या खोलीतून उठायचे नाहीत. ती दारातून ओरडायची, "आले हो मी, उठा आता!" मग हे उठून जेवायला यायचे. गोष्ट तिला पाठ होती. तिलाही ती गंमतच वाटायची.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी घरीच होते. बोलणं थांबलं होतं, डॉक्टर म्हणाले कालच जायला हवे होते, कशावर टिकलेत कळत नाही. मंगल नाशिकहून निघालेली. सकाळी ऊन घरात आलं होतं तेव्हा ती पोचली. धावत आत आली नाही. उंबऱ्यात थांबली, चपला काढल्या, आणि आवाज आवरत म्हणाली, "बाबा, आले मी. उठा आता तुम्ही."

ह्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, आणि तसेच गेले.

आता तुम्ही विचाराल, दार कुणी धरलं होतं? पुष्कळांनी मला उत्तरं दिलीत. जावई म्हणतात, लाकूड फुगलं असेल. पण पाऊस संपून किती दिवस झाले होते, आणि फुगलेलं दार दोन शब्दांनी उघडत नाही. नात म्हणते, तुला तेव्हा काही नीट दिसलं नसेल. असेलही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते आता शोधतही नाही. माझी मुलगी साठी ओलांडून नातवंडं खेळवते आहे, मला तेवढं पुरतं. या घराला आता सेफ्टी डोअर आहे, कॅमेरा आहे. रात्री ते सगळं लावून झालं की मी एक हात दारावर ठेवते आणि त्या घरातल्या त्या बाईला, ती बाईच असेल तर, नमस्कार करते. दुसरा नमस्कार ह्यांना.